मंडईजवळच्या दुकानातलं सुटं धोतऱ्याचं बी: पाचपैकी एक तारा

एक तारा, तोही बी नीट निवडून-पाखडून दिलंय म्हणून. दाणे तपकिरी, खरखरीत, मूत्रपिंडाच्या आकाराचे. मिरचीचं बी शेजारी ठेवलं की फरक दिसतो: ते पिवळट, गोलसर, गुळगुळीत. चाखून ओळखायच्या फंदात पडू नये. पिवळ्या धोतऱ्याचीही मिसळ नाही. ती झाडाची जातच वेगळी, बी मोहरीसारखं काळं.

पुडीवर मात्र ‘धोतरा बी’ आणि भाव, एवढंच. शोधित, म्हणजे विष कमी केलेलं, की अशोधित, पत्ता नाही. वैद्य हे बी पोटलीत बांधून दोलायंत्रात, म्हणजे दुधात लोंबकळत ठेवून, साधारण 3 तास शिजवतात, मग टरफल काढतात. त्याने विष कमी होतं, संपत नाही. म्हणूनच धोतरा औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या ई-1 विषारी यादीत आहे आणि तो घातलेल्या आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा छापावा लागतो.

‘नशेसाठी’ म्हणून कुणी सुचवत असेल, महाशिवरात्रीच्या भांगेत ‘चिमूटभर’ टाकत असेल, तर एक लक्षात घ्या: याला मात्राच ठरवता येत नाही. अॅट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन या त्यातल्या विषांचं प्रमाण झाडागणिक, बोंडागणिक बदलतं. परवा काही झालं नाही, म्हणून आज होणार नाही असं नाही. अर्ध्या-एक तासात तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं पण घाम येत नाही, लघवी अडते. मग माणूस समोर नसलेल्याशी गप्पा मारतो, बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढत बसतो. आपल्याला भास होताहेत हेच त्याला कळत नाही. म्हणून तो गच्चीच्या कठड्यावरून किंवा रस्त्यावरही तसाच चालत जातो. आतड्यांची हालचाल मंदावते, बी आतच राहतं, त्यामुळे हे एक-दोन दिवस चालतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना धोका जास्त.

कुणी खाल्लंच तर 108 लावा किंवा थेट पुण्याच्या ससून रुग्णालयात न्या. उलटी करवू नका. अंग लाल झालंय म्हणून अॅलर्जी समजून एव्हिल देऊ नका. त्या गोळीचा परिणाम धोतऱ्याच्याच दिशेचा, त्रास वाढतो. ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, माणसाला एकटं सोडू नका, आणि उरलेली पुडी फेकून न देता सोबत न्या. डॉक्टरांचा अर्धा वेळ हे नेमकं काय खाल्लंय ते शोधण्यातच जातो.