फुगवायची कयाक आणि डोंगरातलं तळं : आठ महिन्यांनंतर

दोघांची, फुगवून वापरायची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी नाव, घेऊन आठ महिने झाले. एकोणीस वेळा पाण्यात उतरवली, त्यातल्या चौदा वेळा 2000 मीटरच्या आसपासच्या तळ्यात. आधीच सांगते, नाव उत्तम आहे. घेताना मी कापडाची जाडी, वजन, सीटची पाठ सगळं पारखलं, पण हवेचा विचारच केला नाही. डोंगरात तोच आधी करावा लागतो. नावेतल्या हवेचाही आणि तळ्यावरच्या हवेचाही.

तिसऱ्या फेरीला वेळ वाचावा म्हणून पायथ्यालाच पूर्ण फुगवून गाडीच्या टपावर बांधली. वर पोचेपर्यंत बाजूच्या नळ्या इतक्या ताणल्या होत्या की बोट दाबलं तरी दबेना. घाईघाईने झडप उघडली. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1013 हेक्टोपास्कल, तर 2000 मीटरवर साधारण 795. बाहेरचा दाब तेवढा उतरला की आतली तीच हवा नावेला सुमारे तीन पीएसआय (दाब मोजायचं एकक) जास्त जोर लावते. माझ्या कयाकचा तळ आठ पीएसआयचा आहे, तो कदाचित झेपवेल. अडीच पीएसआयच्या नळ्यांवर मात्र ताण दुपटीहून जास्त होतो. आता कयाक घडी घालूनच वर नेते आणि काठावर फुगवते.

पाण्यात उतरवल्यावर याच्या उलट होतं. उन्हात भरलेली हवा गार पाण्याने आकसते आणि तळ मऊ पडतो. म्हणून नाव दहा मिनिटं काठालगत तरंगू द्यायची, मग पुन्हा चार-पाच हात पंप मारायचे. परत आल्यावर उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडायची. सोबत आलेल्या पंपाचा काटा कमी दाबाला हलतच नाही, त्यामुळे नळ्यांसाठी वेगळा दाबमापक घ्यावा लागला. या कयाकबद्दल माझी खरी तक्रार एवढीच.

आता तळ्यावरची हवा. फोनवरचा अंदाज मी बघते, पण त्यावर विसंबत नाही. हवामानाच्या युरोपीय जागतिक मॉडेलचं जाळं साधारण नऊ किलोमीटरचं आहे, आणि आख्खी दरी त्याच्या एका चौकटीत हरवून जाते. दरीचं स्वतःचं वेळापत्रक असतं. पहाटे गार हवा उतारावरून खाली येते, सूर्य वर आला की उतार तापतात आणि वारा खालून वर वाहू लागतो. रस्ता बहुतेक वेळा तळ्याच्या खालच्या तोंडाशी संपतो, म्हणजे नाव उतरवायची जागाही तिथेच. सकाळी आरशासारख्या पाण्यावरून आपण आरामात वरच्या टोकाला जातो आणि परतताना तोच वारा समोरून येतो. एकदा साडेअकराला आम्ही पलीकडून निघालो. वीस मिनिटांच्या अंतराला सव्वा तास लागला. फुगवलेली नाव पाण्यात कमी बुडते आणि वाऱ्याला जास्त सापडते, फिन (नाव सरळ ठेवणारा तळाखालचा पंख) लावली तरी तोंड भरकटत राहतं. धाकटी बहीण पुढे बसली होती, तिच्या तळहातांना फोड आले. तेव्हापासून अकराच्या आत काठावर. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसला तर उतरायचंच नाही. गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाय नाही.

काठावर मासेमारी करणारं कुणी दिसलं की मी दोन गोष्टी विचारते. वारा कधी सुटतो, आणि पाण्याची पातळी चढती आहे की उतरती? धरणाच्या तळ्यात पातळी उतरली की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. कापडी नाव फाटायला एवढं पुरे आहे.

लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, नावेत बसल्यावर नव्हे. बर्फाचं पाणी असलेलं तळं उन्हाळ्यातही बोचरं असतं. अंगावर एकदम गार पाणी आलं की पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत बोटं पकड सोडू लागतात. मग जॅकेटचा पट्टा लावणं जमत नाही. कोरडे कपडे आम्ही गाडीत न ठेवता बंद पिशवीत नावेतच ठेवतो.

घरी आणल्यावर नाव धुऊन, तळाच्या कप्प्यातलं पाणी काढून, पूर्ण सुकवूनच घडी घालते. एक तर बुरशी धरत नाही, आणि एका तळ्यातले शिंपले, शेवाळ दुसऱ्या तळ्यात जात नाहीत. कापडाला अजून एकही ठिगळ नाही. फिनचा कोपरा तेवढा खडकावर झिजलाय, तो बदलायचाय.