चौदा महिने पोस्टवर, सहा महिने शेतात: वेव्ह प्लस, मोरा, आणि फौजीच्या कमरेला नक्की काय पाहिजे

आमच्या भावकीतली दोन पोरं अग्निवीर म्हणून भरती झालीत. त्यांच्या बापांचे फोन येतात, तात्या पोराला चांगला चाकू घ्यायचाय, कोणता घेऊ, आणि सोबत फोटो येतो तो फूटभर पात्याच्या काळ्या चाकूचा, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, मूठ पोकळ आणि त्यात काड्यापेटी ठेवायची सोय. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो, ज्याला लागेल त्यानं वाचावं.

मी सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या संपर्क विभागाचा माणूस. सगळी नोकरी लाइन टाकण्यात, जोडण्यात आणि तुटलेली लाइन शोधण्यात गेली, हवालदार म्हणून रिटायर झालो. शेवटचे चौदा महिने उंचावर होतो, जागा सांगत नाही, १२,००० फुटांच्या वर आणि हिवाळ्यात रात्री पारा उणे २५ च्या खाली जायचा एवढं पुरे. तेव्हा माझ्या पट्ट्याला लेदरमन कंपनीचा वेव्ह प्लस होता, म्हणजे पक्कड, पाती, कटर असं सगळं एकात घडी होणारा मल्टीटूल, आणि पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या सॅकमध्ये, मोरा कंपनीचा कंपॅनियन चाकू. दोन्ही स्वतःच्या पैशानं घेतलेले. वेव्ह प्लस मला पंधरा हजारांच्या वर पडला, घरी कळल्यावर बायको दोन दिवस बोलली नव्हती, कारण त्याच महिन्यात पोरीची फी भरायची होती. तरी आज परत घ्यायची वेळ आली तर तोच घेईन.

का ते सांगतो. चाकू म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर लढाई येते. चौदा महिन्यांत माझं पातं लागलं ते कशाला, तर पोत्याची सुतळी कापायला, केबलवरचं रबर सोलायला, डबाबंद भाजीच्या पेटीची पट्टी कापायला, कांदा चिरायला. आणि दहा वेळा टूल बाहेर काढला तर त्यातल्या सात वेळा पक्कडच लागायची. जेरीकॅनचं झाकण गोठून बसलंय, बुखारीच्या, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीच्या, नळीचा क्लॅम्प ढिला झालाय, रेडिओ सेटच्या बॅटरीचं टर्मिनल आवळायचंय, बुटाच्या क्रॅम्पॉनची, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायच्या खिळ्यांच्या सांगाड्याची, पट्टी बक्कलमध्ये अडकलीय आणि बोटं चालत नाहीत, या सगळ्याला पक्कड. फूटभर पात्याचा चाकू यातलं एकही काम करत नाही, वर वजन उचलायचं ते वेगळंच.

स्वित्झर्लंडच्या फौजेनं हे फार आधी ओळखलं होतं. त्यांचा पहिला सैनिकी चाकू १८९१ मध्ये जवानांच्या हातात आला, तो मुळात कशासाठी, तर टिनचा डबा उघडायला आणि त्यांची तेव्हाची श्मिट-रुबिन रायफल खोलायला. म्हणून त्यात एक पातं, एक टोच्या, एक डबा उघडायचं हत्यार आणि एक पेचकस, बास. पहिली खेप तर जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये बनवून घेतली होती, कारण एवढा माल काढायची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडे नव्हती. त्यांचा आताचा सैनिकी चाकू २००८ चं मॉडेल आहे, १११ मिलिमीटर लांब, एका हातानं उघडतो, पातं लॉक होतं. सव्वाशे वर्षांत रूप बदललं, पण सैनिकाचा चाकू म्हणजे आधी औजार, ही समज तीच राहिली.

आता वेव्ह प्लसबद्दल. १८ टूल्स, वजन २४१ ग्रॅम, बंद केला की १० सेंटिमीटर. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही पाती बाहेरच्या बाजूला आहेत, पक्कड न उघडता अंगठ्यानं पातं निघतं, पात्याला मोठं भोक आहे त्यामुळे आतले पातळ हातमोजे घालूनही उघडता येतं. हे घरी टेबलावर बसून कळत नाही. उणे २० ला उघड्या बोटानं लोखंड धरायचं म्हणजे कातडी चिकटते, आणि नखानं खाचेत ओढून काढायचं पातं असेल तर हातमोजा काढावाच लागतो, मग ते काम होईपर्यंत बोटं गेली. माझ्या बडीकडे, म्हणजे जोडीदार जवानाकडे, विक्टोरिनॉक्सचा स्विसटूल स्पिरिट हा मल्टीटूल होता, आम्ही आठ-आठ दिवस अदलाबदल करून वापरला. स्पिरिट हातात जास्त गुळगुळीत बसतो, वजन २१० ग्रॅमच्या आसपास, त्याची कात्री मला आवडली. घरात, वर्कशॉपमध्ये, खाली मैदानी पोस्टिंगला असतो तर कदाचित तोच घेतला असता. पण हातमोजे घालून वेव्ह.

दुसरं पातं दातेरी आहे आणि त्याला टोक नाही, पुढून बोथट. सुरुवातीला मला वाटायचं हे कशाला दिलंय. मग एका सकाळी आमचा एक पोरगा उतारावरून घसरला, फार नाही, पंधरा-वीस फूट, पण दोरीचा वेढा दंडाला बसला आणि वजनानं आवळत गेला, पोरगा ओरडायला लागला. दोरी आणि दंड यांच्यात बोट शिरत नव्हतं. तिथं टोकदार पातं घातलं असतं तर त्याचा दंडच फाडला असता. हे बोथट टोक कातडीला लावून आत सरकवलं आणि दातांनी दोन ओढ्यांत दोरी तुटली. तेव्हापासून कुणी विचारलं की मी पहिलं हेच सांगतो, दोन पात्यांतलं एक दातेरी आणि बोथट टोकाचं असू दे. माणसाच्या अंगावरचा पट्टा, दोरी, कपडा कापायची वेळ येते, आणि ती अशीच अचानक येते.

पात्याचं स्टील ४२०एचसी, म्हणजे फार भारी नाही, धार लवकर उतरते. याच कंपनीच्या चार्ज प्लस टीटीआयमध्ये एस३०व्ही स्टील मिळतं, ते धार जास्त दिवस धरतं. पण मी मुद्दाम साधंच घेतलं. कडक स्टीलला धार लावायला हिऱ्याचा दगड आणि निवांत वेळ लागतो, हे मऊ पातं साध्या दगडावर पाच मिनिटांत परत लागतं, दगड नसेल तर चिनी मातीच्या मगाच्या बुडाची जी खरखरीत कड असते ना तिच्यावर घासलं तरी काम भागतं. रविवारी दाढी करताना धार लावायची, एवढी सवय ठेवली तर ४२०एचसी कधी कमी पडत नाही.

सिग्नल्सवाल्यांसाठी थोडं वेगळं. फील्ड केबलमध्ये तांब्याच्या जोडीला स्टीलच्या बारीक तारा असतात, ताण सहन व्हावा म्हणून. ती केबल कात्रीनं किंवा पात्यानं कापली की धारेला खाच पडलीच म्हणून समजा, त्यामुळे तार नेहमी कटरनंच कापायची. वेव्ह प्लसचे कटर स्क्रूवर बसवलेले आहेत, खराब झाले तर बदलता येतात, मला हाच वरचा पैसा वसूल वाटला. जोड मारताना रबर सोलायचं, रीफ नॉट मारायची, तारा पिळायच्या, वर टेप, यात पिळायचं काम नाकाड्या पक्कडीनं इतकं पक्कं होतं की बोटांनी कितीही जोर लावला तरी तसं होत नाही. रात्री, वारा, टॉर्च तोंडात, तेव्हा हे समजतं.

पण एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. कॉन्सर्टिना वायर, म्हणजे कुंपणाला टाकतात ती गोल वेटोळ्यांची काटेरी तार, या कटरनं कापायला गेलो. ती तार कडक स्प्रिंगसारख्या स्टीलची असते, कटरला दाता पडला आणि तार तशीच. शिवाय कापली गेलीच तर ती तोंडावर उसळते. त्या कामाला मोठे वायर कटर आणि चामड्याचे हातमोजे, ते युनिटमध्ये असतात, तेच मागून घ्यायचे. आणि दुसरं, या टूलच्या मुठी सगळ्या उघड्या स्टीलच्या आहेत, इन्सुलेशन काही नाही. जनरेटर चालू असताना २२० व्होल्टच्या तारेला हा लावायचा नाही म्हणजे नाही. मी ज्युनियर पोरांना हे ओरडून सांगायचो.

कमी काय आहे म्हणाल तर आरी, म्हणजे टोच्या. पिट्ठूचा पट्टा फाटला, बुटाची शिवण उसवली की भोक पाडायला काही नाही. मी मोच्याकडची जाडी सुई आणि मेणाचा दोरा एका छोट्या डबीत वेगळा ठेवायचो. ज्यांना टोच्या टूलमध्येच हवा त्यांनी याच कंपनीचे रीबार किंवा सर्ज बघावेत, फक्त सर्ज साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जातो, कमरेला लागतं ते वजन, चढावर तर फारच. एमयूटी म्हणून एक खास सैनिकांसाठीचा टूल निघतो, कार्बन खरवडायची पट्टी, पिन ढकलायचा टोच्या असं बरंच काही, पण तो अमेरिकन एम-१६ आणि एम-४ घराण्याच्या रायफली समोर ठेवून बनवलाय. आपल्या जवानानं त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नयेत असं मला वाटतं, रायफलीची सफाई रायफलीबरोबर मिळालेल्या सामानानंच करावी, आणि बिघाड असेल तर आर्मरर, म्हणजे युनिटमधला शस्त्रं दुरुस्त करणारा माणूस, आहे.

थंडीबद्दल अजून एक, हे कुणी सांगत नाही. बाहेर गोठलेला टूल बुखारीच्या उबेत आणला की त्याच्यावर दव धरतं, सांध्यांच्या आत पाणी बसतं आणि बाहेर गेल्यावर तेच गोठतं, मग टूल उघडतच नाही. स्टेनलेस असलं तरी आतून गंजाचे ठिपके येतात. आत आलं की आधी फडक्यानं पुसायचा, उघडून ठेवायचा, सुकला की शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब प्रत्येक सांध्याला. ग्रीस लावायचं नाही, थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि धूळ धरतं. उन्हाळ्यात धुळीनं सांधे करकरायला लागले की गरम पाणी आणि साबण, जुना ब्रश, पूर्ण सुकवून परत एक थेंब.

आणि दोरी. टूलला दोरी बांधा आणि पट्ट्याला अडकवा. बर्फात पडलेली वस्तू शोधायला गेलात तर अजून तिथंच बसाल. पाऊच घेताना वेल्क्रोचं झाकण असलेलं घेऊ नका, रात्री शांततेत वेल्क्रो उघडल्याचा आवाज कुठच्या कुठं जातो, मी बाजारातून घेतलेलं एक तसलं पाऊच दुसऱ्याच दिवशी बदललं, साताऱ्याच्या एका मोच्यानं सुट्टीत कॅनव्हासचं बटणवालं शिवून दिलं ते अजून टिकून आहे.

याआधी मी स्वस्तातली नक्कल पण वापरलीय, बिननावाची, बाराशे रुपयांची. हुबेहूब दिसायची. तिसऱ्या आठवड्यात पक्कडीचा जबडा पिनेपाशी तुटला, जोर लावलेला असताना, आणि हात घसरून तळव्याला टाके पडले. म्हणून पैसे कमी असतील तर नक्कल घेऊ नका, त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातली एक चांगली छोटी पक्कड आणि एक साधा चाकू वेगवेगळा घ्या, ते परवडलं.

तो साधा चाकू म्हणजे माझ्या मते मोरा. स्वीडनमधलं मोरा गाव, तिथली चाकूची परंपरा जुनी आहे. कंपॅनियनचं पातं साधारण १० सेंटिमीटर, प्लास्टिकचं म्यान, रबरासारखी मूठ जी थंडीत हाताला चिकटत नाही. किंमत मल्टीटूलच्या पाव भागापेक्षाही कमी पडली. स्टेनलेसवाला घ्या, कार्बन स्टीलचा धारदार असतो पण आपल्या पावसात आणि घामात दोन दिवसांत तांबूस होतो. लाकडाची ढलपी काढायला, मटण कापायला, पोती फाडायला एकदम छान. फक्त याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं नाही, त्यामुळे वर दगड मारून लाकूड फोडायचं काम त्याच्याकडून करून घेऊ नका. त्याला मोराचाच गारबर्ग आहे, पोलाद आरपार, पातं ३.२ मिलिमीटर जाड, पण मग किंमतही तशीच.

मोठ्या पात्याची गरज पडते का? पडते, पण तिथं गोरखा भावांची खुकुरी बघावी. आमच्या शेजारच्या पोस्टवर होते ते. लाकूड फोडणं, बोकड कापणं, झुडूप साफ करणं, सगळं एका हत्यारानं, आणि म्यानाच्या मागे दोन छोटी, एक बारीक कामाची कर्द आणि दुसरं चकमक, धार ताजी करायला. पण ती लहानपणापासून हातात असावी लागते, विकत घेऊन पट्ट्याला लटकवली म्हणून ती हातात बसत नाही. आणि संगीन ती संगीन. एके रायफलीच्या संगिनीला म्यानाशी जोडून तार कापायची युक्ती केलेली आहे, ती कामाची आहे, पण संगिनीनं कांदा चिरायला कुणी जाऊ नये.

घरच्यांसाठी नियमाचं. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरकाम, शेती आणि कारखान्यातले सोडून. म्हणजे तो फोटोतला काळा चाकू कुरिअरनं मागवून पोराच्या बॅगेत घालून देऊ नका. विमानानं जाणार असेल तर मल्टीटूल केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाकायचा. आणि युनिटमध्ये पोचल्यावर आधी आपल्या सीनियरला दाखवायचं, ट्रेनिंग चालू असताना तर विचारल्याशिवाय काहीच ठेवायचं नाही. ट्रेनिंगमध्ये गरजही नसते, पहिलं पोस्टिंग लागल्यावर घ्या.

आता सहा महिने झाले गावी येऊन. तोच वेव्ह कमरेला असतो. ठिबकच्या नळीचे जॉइंट, स्टार्टरच्या पेटीचे स्क्रू, मेन स्विच पाडूनच, म्हशीच्या दाव्याची गाठ. कटरचा तो कॉन्सर्टिनाचा दाता अजून तसाच आहे, नवे कटर बसवीन बसवीन म्हणतोय.

मोठा पुतण्या ट्रेनिंग संपवून सुट्टीला आला होता, परवा बेळगावहून पुढं पहिल्या पोस्टिंगला निघाला. त्याला मोरा दिला, माझाच, म्यानासकट, आणि सुई-दोऱ्याची डबी. मल्टीटूल त्याच्या बापानं घेतला, मी सांगितला तोच. दोरी मी बांधून दिली, हिरवी, दीड हात, एवढी की टूल हातात पूर्ण लांब धरता यावा पण सुटला तर गुडघ्याखाली जाऊ नये. अंगणात हातमोजे घालून, डोळे मिटून वीस वेळा उघडबंद करून घेतला त्याच्याकडून, मगच बॅग भरू दिली.