जर्सी सिटी (न्यू जर्सी, अमेरिका): छोटी चार्टर स्कूल की डिस्ट्रिक्टची पब्लिक स्कूल?

फी दोन्हीकडे शून्य, कारण चार्टर पण पब्लिकच, फक्त ती डिस्ट्रिक्ट (म्हणजे शहराचा सरकारी शाळा-विभाग) चालवत नाही, राज्याने दिलेल्या परवान्यावर (चार्टर) चालते, तिचं बोर्ड वेगळं आणि सीट्स कमी पडल्या की लॉटरी. पेपरावर चार्टर भारी वाटते, आणि स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राने 2023 मध्ये देशभरचा डेटा काढला तेव्हा चार्टरची मुलं तशाच डिस्ट्रिक्ट शाळेतल्या मुलांपेक्षा वाचनात साधारण 16 दिवसांच्या आणि गणितात 6 दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे निघाली, शहरी चार्टरमध्ये तर अजून जास्त. पण ही सरासरी आहे हो, तुमच्या गल्लीतल्या शाळेची गॅरंटी नाही!

छोट्या शाळेत एका इयत्तेत 40 मुलं धरा, चार जण इकडचे तिकडे झाले की पास टक्का डायरेक्ट 10 ने हलतो, म्हणून एका वर्षाचा रिझल्ट बघून नाचू नका, तीन-चार वर्षांचे बघा. मुलं कोण आहेत तेही बघा, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणारी किती, स्पेशल एज्युकेशनची (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणींमुळे खास मदत लागणारी) किती, कारण लॉटरीचा फॉर्म भरायलाही जागरूक पालक लागतात, त्यामुळे नुसत्या मार्कांची तुलना मला तरी पटत नाही.

शाळेला मिळणाऱ्या पैशात मात्र डिस्ट्रिक्ट उजवी. न्यू जर्सीत चार्टरला डिस्ट्रिक्टच्या बजेटमधूनच पर-स्टुडंट पैसे जातात पण पूर्ण नाही, आणि बिल्डिंगचं भाडं बहुतेक त्यातूनच, मग कुठे जिम नाही, कुठे ग्राउंड नाही. शिवाय परवाना (चार्टर) रिन्यू झाला नाही तर शाळाच बंद, डिस्ट्रिक्टला ते टेन्शन नाही.

मुलाला स्पेशल एज्युकेशन लागत असेल तर मी डोळे झाकून डिस्ट्रिक्ट म्हणेन.