इंद्रधनुषी लेस: बुटात ओवण्याआधी

सहा रंगांची चपटी लेस. फुटबॉल, रग्बी किंवा क्रिकेटच्या बुटात ओवायची आणि संघातल्या समलिंगी खेळाडूला एक शब्दही न बोलता सांगायचं, की तू आमचाच आहेस. ब्रिटनमध्ये समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या स्टोनवॉल या संस्थेने २०१३ मध्ये ही मोहीम सुरू केली आणि इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या सगळ्या १३४ व्यावसायिक फुटबॉल क्लबांना लेस पाठवल्या. आता अशा जोड्या ऑनलाइन सहज मिळतात आणि क्लब त्या गठ्ठ्याने मागवतात. लेस म्हणून वस्तू चांगली आहे. मात्र वापरायची पद्धत चुकली, तर पैसे वाया जातातच, शिवाय ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तोच मुलगा आणखी गप्प होतो.

आधी लेसबद्दल. मागवण्यापूर्वी जुनी लेस काढून मोजा. भोकांच्या सहा-सात जोड्या असलेल्या फुटबॉल बुटाला साधारण १२० सेंमी पुरते. १४० सेंमीची घेतली तर फासे लोंबतात, दुसऱ्या पायाच्या स्टडमध्ये अडकतात आणि खेळाडू तोंडावर आपटतो. ९० ची घेतली तर वरची भोकं सोडावी लागतात, टाच बुटात वर-खाली होते आणि अर्ध्या तासात फोड येतो. बाजारातल्या बहुतेक जोड्या पॉलिएस्टरच्या असतात. सुती लेसपेक्षा त्या निसरड्या, त्यामुळे साधी गाठ धावताना सैल पडते. पहिल्या अढीला एकाऐवजी दोन वेढे घ्या. फासा बांधून झाल्यावर तो पायावर आडवा बसला पाहिजे. घोट्याकडे-बोटांकडे उभा वळला, तर वेढा उलट्या दिशेने घातला गेलाय. सोडून पुन्हा बांधा, नाहीतर दहाव्या मिनिटाला सुटणार. क्रिकेटच्या पांढऱ्या बुटासाठी आणखी एक काळजी: ओल्या पांढऱ्या फडक्याने लेस जोरात चोळून बघा. फडक्याला लाल किंवा जांभळा रंग लागला, तर पावसाळी मैदानावर बुटाची जीभ रंगलीच म्हणून समजा.

२०१३ ची सुरुवात मात्र डागाळलेली होती. मोहिमेचा भागीदार होता पॅडी पॉवर हा सट्टा घेणारा धंदा, आणि घोषवाक्य निवडलं ‘राइट बिहाइंड गे फुटबॉलर्स’, म्हणजे त्यांच्या पाठीशी, किंवा त्यांच्या अगदी मागे. त्यातला द्व्यर्थ कोणाच्याही लक्षात यावा असा. ज्या चेष्टेपायी मुलं ड्रेसिंग रूममध्ये तोंड मिटून बसतात, तीच घोषवाक्य म्हणून वापरली होती. काही क्लबांनी हरकत घेतली ती योग्यच होती. हल्ली ते वाक्य वापरत नाहीत.

या वस्तूचा सर्वात चांगला गुण लेसची कॅप्टनच्या इंद्रधनुषी आर्मबँडशी तुलना केली की दिसतो. आर्मबँड एकाच दंडावर असतो आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं लक्ष तिथेच. नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये इप्सविच या इंग्लिश फुटबॉल क्लबचा कॅप्टन सॅम मॉर्सीने धर्माच्या कारणाने तो घातला नाही, तर क्रिस्टल पॅलेसच्या मार्क गेहीने घातला आणि त्यावर येशूवरच्या प्रेमाचे शब्द लिहिले. आठवडाभर चर्चा झाली ती या दोघांच्या श्रद्धेची. समलिंगी खेळाडूंचं काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. लेसचं तसं होत नाही. ज्याने ओवली नाही त्याची बातमी होत नाही, ज्याने ओवली त्याची संघात नोंद होते. ड्रेसिंग रूममध्ये बूट बांधताना सगळ्यांच्याच माना खाली असतात. कोपऱ्यात बसलेला सतरा वर्षांचा मुलगा मान वर न करता मोजू शकतो: सेंटर बॅक, गोलकीपर, तो सगळ्यांना ओरडणारा मिडफिल्डर. सोळापैकी सात. हा आकडा त्याला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळाला नसता. आणि म्हणूनच लेस सक्तीची केली की तिची किंमत शून्य होते. सोळापैकी सोळा बूट रंगीत दिसले, तर त्याला एवढंच कळतं की व्यवस्थापकाने हुकूम सोडलाय.

सक्ती नसताना लेस काय करू शकते, ते रग्बीत दिसलं. वेल्सचा माजी कॅप्टन गॅरेथ थॉमसने २००९ मध्ये, खेळत असतानाच, आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कार्डिफमध्ये त्याच्यावर त्याच कारणाने हल्ला झाला. पुढच्याच आठवड्यात वेल्स, फ्रान्स आणि न्यूझीलंडचे खेळाडू सामन्यांत या लेस घालून उतरले. एका ओळखीच्या माणसासाठी, ताबडतोब.

फुटबॉलमध्ये चित्र वेगळं आहे. प्रीमियर लीगने २०१७ पासून स्टोनवॉलशी भागीदारी ठेवली. ठरलेल्या फेऱ्यांना कोपऱ्यातले झेंडे, आर्मबँड, लेस सगळं रंगीत व्हायचं. २०२५ मध्ये ती भागीदारी संपली. या सगळ्या काळात लीगमध्ये खेळत असताना आपण समलिंगी आहोत असं उघडपणे सांगणारा एकही खेळाडू झाला नाही. इंग्लिश फुटबॉलपटू जस्टिन फॅशानूने १९९० मध्ये सांगितलं होतं. त्यानंतर ब्रिटनच्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना बोलला तो थेट मे २०२२ मध्ये ब्लॅकपूल क्लबचा जेक डॅनियल्स, वय १७. मधे बत्तीस वर्षं गेली. लेसच्या मोहिमेचा चेहरा असलेला लिव्हरपूलचा कॅप्टन जॉर्डन हेंडरसन २०२३ मध्ये सौदी क्लब अल-इत्तिफाककडे गेला, तेव्हा क्लबने त्याच्या स्वागतासाठी टाकलेल्या चित्रफितीत त्याच्या दंडावरचे सहा रंग करडे करून टाकले होते. विश्वास टाकलेल्या चाहत्यांना ते किती लागलं असेल! क्लबमध्ये लेसचा चेहरा निवडताना हे ध्यानात ठेवा: वर्षभर जो त्या बाजूने बोलेल, त्यालाच पुढे करा.

बायकांच्या खेळात मोकळेपणा खूपच जास्त आहे. नॅट आणि कॅथरीन सिव्हर-ब्रंट या इंग्लंडच्या क्रिकेटपटूंनी २०२२ मध्ये लग्न केलं. पुढच्याच वर्षी ब्रेबॉर्नवर डब्ल्यूपीएल या महिलांच्या टी-२० लीगच्या अंतिम सामन्यात नॅटने नाबाद ६० करून मुंबईला करंडक मिळवून दिला आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. आपल्या मैदानावर मात्र मुलगा बाद होऊन परतताना कानावर काय पडतं? झेल सुटला की ‘बायल्या’, टॅकल हुकला की ‘छक्का’. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन रग्बीपटूंमध्ये अशा शिव्यांचा अभ्यास केला. व्यावसायिक खेळाडूंनी येऊन घेतलेल्या छोट्या सत्राने शिव्या कमी झाल्या नाहीत. आणि शिव्या देणाऱ्यांच्या मनात द्वेष असतोच असंही नव्हतं. बाकीचे देतात म्हणून तेही देत होते. म्हणजे सवय सरावात मोडायची आहे, भाषणाने ती मोडत नाही. शब्द ऐकू आला की सराव थांबवायचा, कारण एका वाक्यात सांगायचं, पुन्हा सुरू करायचा. दर वेळी, आणि प्रशिक्षकाने स्वतः. हे आधी महिनाभर करा, मगच लेस आणा.

नियमांचंही बघा. फुटबॉलमध्ये लेसच्या रंगावर बंधन नाही. आर्मबँडवर मात्र आता आहे: स्पर्धा आयोजकाने दिलेला किंवा मान्य केलेला, नाहीतर एकाच रंगाचा. त्यामुळे परवानगी न काढता इंद्रधनुषी आर्मबँड घेऊन उतरू नका, रेफ्री काढायला लावेल. मोज्यावर बाहेरून लावलेली पट्टी मोज्याच्याच रंगाची लागते. म्हणून उरलेली लेस नडगीवर गुंडाळायची नाही. क्रिकेटमध्ये लेखी विचारून ठेवा. उस्मान ख्वाजाला २०२३ मध्ये बुटावरच्या मजकुरामुळे अडवलं होतं. लेसवर मजकूर नसतो, पण नाणेफेकीच्या वेळी वाद नको.

वाटपाची रीत सोपी ठेवा. पहिल्या दिवशी कॅप्टन आणि ज्याची चेष्टा करायची कोणाची हिंमत नाही असा खेळाडू, दोघांनी ओवून यावं. तीन बुजऱ्या पोरांनीच आधी ओवली तर ‘तू पण का?’ हा प्रश्न त्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्या जोड्या किट बॅगेशेजारी उघड्या खोक्यात ठेवा, संघाच्या संख्येपेक्षा पाच-सहा जास्त. त्यातल्या काही घरी जातील, कधी बुटात दिसणारही नाहीत. खोक्यातून किती कमी झाल्या, कोणी नेल्या, हे मोजत बसू नका.