उणे तीसमध्ये गाडी सुरू करून देणारा ब्लॉक हीटर

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात नोकरी लागली की आपली मंडळी मला आधी कपड्यांचं विचारतात. जाकीट कुठलं घेऊ, बूट कुठले घेऊ. ते सगळं घ्याच, पण त्याआधी गाडीला ब्लॉक हीटर बसवून घ्या. मी ग्रँड फोर्क्स शहरापासून लांब, शेतांच्या मधोमध राहते आणि एका छोट्या इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. इथे ना बस ना रिक्षा. गाडीला गॅरेज नाही, ती रात्रभर उघड्यावर. पहाटे ती सुरू झाली नाही, तर तपासणीसाठी आलेला पेशंट खोळंबतो.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये म्हणजे मुख्य धडात, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) असतो तिथे बसणारी छोटी कॉइल. बादलीतल्या हीटिंग रॉडसारखंच काम. तिची वायर गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते, ती घराच्या प्लगला जोडायची. माझा ४०० वॅटचा आहे, इथल्या १२० व्होल्टवर चालणारा. प्लग लावल्यावर बॉनेटजवळ कान नेला की थोड्या वेळात बारीक सूंऽऽ ऐकू येतं. तो आवाज आला की मी निर्धास्त झोपते.

मी निफाडची. आमच्याकडे पारा चार-पाचवर आला तरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. इथे जानेवारीत काही रात्री पारा उणे ३० सेल्सिअसवर जातो. त्या थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली येते आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन नुसतं कण्हतं. हीटर लावलेला असेल तर पहिल्याच झटक्यात सुरू होतं, शिवाय काही मिनिटांत आत गरम हवा येऊन काचेवरचा बर्फ सुटायला लागतो. मला हा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो, कारण अंधारात अर्धवट दिसणाऱ्या काचेतून गाडी हाकणं जिवावरचं आहे.

वाऱ्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. उणे २९ तापमान आणि ताशी ४८ किलोमीटर वारा असेल तर अंगाला ते उणे ४७ सारखं लागतं, उघडी कातडी दहा मिनिटांत गोठू शकते. इंजिन मात्र हवेच्या तापमानाखाली जात नाही. वाऱ्याने ते लवकर निवतं, एवढंच. म्हणून मी गाडीचं तोंड वाऱ्याकडे न ठेवता घराच्या आडोशाला लावते.

विजेची चिंता नको. रात्रभर चालू ठेवायची गरजच नसते. निघण्याआधी तीन तास पुरतात, म्हणजे सव्वा युनिटच्या आत. बाहेर चालणारा टायमर घ्या. एक्स्टेंशन वायरवर मात्र पैसे वाचवू नका. साधी वायर या थंडीत काठीसारखी ताठ होते, वाकवली की तिचं आवरण तडकतं. थंडीसाठीची, जाड तारेची, तीन पिनांचीच हवी.

तक्रार एकच, पण मोठी. गाडीकडची वायर आणि कॉइल यांच्यामधला जोड कच्चा असतो. माझा एका हिवाळ्यात आतून जळाला, बाहेरून काही कळलंच नाही. तेव्हापासून थंडी पडायच्या आधी प्लगच्या दोन चपट्या पिनांवर मल्टीमीटर (विजेचा रोध मोजायचं यंत्र) लावून बघते. ४०० वॅटच्या हीटरला ३६ ओहमच्या आसपास आकडा आला की कॉइल शाबूत. हीटर बॅटरीला ऊब देत नाही, हेही ध्यानात ठेवा. जुनी बॅटरी असेल तर तिच्यासाठी ऊब देणारं वेगळं पॅड लागतं.

या वस्तूचा जन्म इथलाच, म्हणूनही मला तिचं कौतुक आहे. ग्रँड फोर्क्सच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या बोल्टच्या जागी बसणारा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. खेड्यात वीज नेणाऱ्या माणसालाच हे सुचलं, यात मला नवल वाटत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी सुरू होते म्हणून हिमवादळात बाहेर पडू नका. ताशी ५६ किलोमीटरच्या वर वारा, ४०० मीटरच्या आत दृष्टी आणि हे सलग तीन तास, याला इथे ब्लिझर्ड म्हणतात. इथलं रेड नदीचं खोरं सपाट, झाडं विरळ. आकाश निरभ्र असतानाही जमिनीवरचा बर्फ उडून रस्ता दिसेनासा होतो. अडकलात तर गाडीतच थांबा आणि सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढत राहा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

मला मजुरीसकट अडीचशे डॉलरच्या आसपास खर्च आला. चुंबकाने चिकटवायचे स्वस्त हीटर मिळतात, पण रोजच्या वापराला मी ते घेणार नाही. आपल्या गाडीच्या चॅसी नंबरवरूनच पार्ट मागवा आणि ऑक्टोबरमध्ये, कूलंट बदलतानाच बसवून घ्या. नोव्हेंबर लागला की मेकॅनिकची वेळ मिळत नाही.