मान्यता ‘प्रक्रियेत’ असलेली शाळा

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हातात आला, तर त्यावर भलत्याच शाळेचं नाव. त्या शाळेत तिने कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. शिशुवर्गापासून पहिलीपर्यंत ती जिथे रोज गेली, जिथे आम्ही फी भरली, त्या शाळेचा दाखल्यावर उल्लेखच नव्हता. खोदून विचारल्यावर कळलं की त्या नावाची प्राथमिक शाळा सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. परवानगी होती ती फक्त पूर्वप्राथमिक वर्गांची. पहिलीपासून पुढची मुलं गुपचूप दुसऱ्याच एका संस्थेच्या पटावर चढवली जात होती, आणि काही मुलांची नावं तर त्याही पटावर नव्हती. ती मुलं वर्षभर दप्तर घेऊन शाळेत गेली, पण कागदोपत्री ती कुठल्याच शाळेत नव्हती.

लहान खासगी शाळा शोधणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. वर्गात मोजकी मुलं असावीत, ताईंना प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक असावा, बालवाडीनंतर मुलाला लगेच नव्या जागी रुजावं लागू नये, या अपेक्षा रास्त आहेत. त्या पुऱ्या करणाऱ्या छोट्या शाळाही असतात. माझी मुलगी आज अशाच एका शाळेत आहे. पण फसवणारे नेमकी हीच अपेक्षा हेरून बसलेले असतात.

आम्हाला शाळा दाखवली ती संचालिकाबाईंनी स्वतः. बोलणं मृदू, मुलीचं नाव लगेच लक्षात ठेवलेलं, आणि प्रत्येक वाक्यात ‘मॉन्टेसोरी’. या नावाबद्दल एक गोष्ट आधी माहीत असायला हवी. मुलांना साहित्य हाताळत आपापल्या गतीने शिकू देणारी ही पद्धत मारिया मॉन्टेसोरी यांची. त्यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर उघडलं आणि १९२९ साली आपलं काम पुढे नेण्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. ती संघटना आजही शिक्षकांना प्रशिक्षण देते. तरी बहुतेक ठिकाणी या नावावर कुणाची मालकी नाही. अमेरिकेत १९६७ साली हा वाद व्यापारचिन्हांच्या लवादापुढे गेला, तेव्हा हा शब्द सर्वसामान्य वापराचा ठरला. म्हणजे ज्याला वाटेल त्याने ही पाटी दारावर लावावी. पाटीवरून आत काय चालतं ते कळत नाही.

आत काय चालतं ते साहित्यावरून कळतं. मॉन्टेसोरी वर्गात गुलाबी मनोरा असतो: दहा ठोकळे, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, सगळ्यात छोटा १ सेंटिमीटरचा. मुलं तो रोज रचत असतील तर कडांचा रंग उडतो, कोपरे बोथटतात, आणि तो एवढासा शेवटचा ठोकळा हमखास कुठेतरी गडप होतो. आम्हाला दाखवलेला मनोरा कोरा करकरीत होता. शाळा सुरू झाल्यावर मुलीला विचारलं, तो मनोरा तू रचतेस का गं? ती म्हणाली, “तो पाहुणे आले की काढतात.” एरवी तो काचेच्या कपाटात, कुलपात.

ही पद्धत खरोखर चालवायची तर तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात लागतात, म्हणजे धाकटी थोरल्यांकडे बघून शिकतात. सकाळचा जवळजवळ तीन तासांचा सलग वेळही लागतो, ज्यात मूल आपलं काम आपण निवडतं. इथे वयानुसार वेगळे वर्ग होते, अर्ध्या अर्ध्या तासाचे तास होते, आणि मुलं बहुतेक वेळ छापील कागदांवर अक्षरं गिरवत होती. भिंतीवरची ताईंची प्रमाणपत्रं जवळ जाऊन वाचली, तर ती कुठल्याशा छोट्या कार्यशाळेला हजर राहिल्याची निघाली. मॉन्टेसोरीत तीन ते सहा वयोगटासाठीची पदविका वेगळी असते आणि सहा ते बारासाठीची वेगळी. प्राथमिक वर्गही आम्ही याच पद्धतीने चालवतो असं कुणी म्हटलं, तर दुसरी पदविका कुणाकडे आहे, हे जरूर विचारा.

‘दहा मुलांमागे एक शिक्षिका’ हाही असाच शब्दांचा खेळ होता. शाळेतली सगळी मुलं एकीकडे आणि पगारावरची सगळी माणसं दुसरीकडे घेऊन भागाकार केलेला. त्यात मावशी आल्या, कार्यालयातल्या बाई आल्या, गाडीवरचे काकाही आले. प्रत्यक्ष वर्गात एकच ताई, आणि त्याही वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या. नंतर कळलं, त्यांचे पगार थकले होते. शाळा बघायला जाल तेव्हा वर्गाच्या दारात उभं राहून आपणच मोजा: मुलं किती, मोठी माणसं किती. आणि ताई इथे किती वर्षं आहेत ते विचारा. पगार वेळेवर न देणाऱ्या शाळेत चांगल्या शिक्षिका टिकत नाहीत.

खरी लूट मात्र पैशांत झाली. पहिलीच्या जागा मोजक्याच आहेत, बाहेरच्यांची रांग लागली आहे, पुढच्या वर्गांची फी आत्ताच एकरकमी भरलीत तर जागाही पक्की आणि फीवाढही नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. मान्यतेबद्दल मी स्पष्ट विचारलं होतं. उत्तर आलं, “मान्यता आहे हो, प्राथमिकची फक्त प्रक्रियेत आहे.” हे सांगताना बाईंनी पूर्वप्राथमिकच्या परवानगीचा कागद पुढे केला. दोन्हींची परवानगी बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी घ्यावी लागते, हे पालकांना माहीत नसतं, आणि याच अज्ञानावर त्यांचा सगळा धंदा चालला होता. ‘प्रक्रियेत’ म्हणजे अर्ज तरी केलेला असेल अशी आपली समजूत. शिक्षण खात्यात जाऊन चौकशी केली तेव्हा समजलं, अर्जसुद्धा केलेला नव्हता. तुम्हाला कुणी ‘प्रक्रियेत’ म्हटलं तर अर्जाची पोचपावती मागा, आणि मान्यता कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते त्या कागदावर स्वतः वाचा. नाहीच जमलं तर खात्यात जाऊन विचारा; तो हेलपाटा पुढच्या मनस्तापापेक्षा फार छोटा आहे.

पावत्यांकडे आता बघते तेव्हा आधीच आखलेला डाव दिसतो. पावतीवर शाळेचं नाव बारीक अक्षरांत कोपऱ्यात, आणि पैसे जमा झाले ते एका निराळ्याच व्यवसायाच्या खात्यात. ‘शिक्षण शुल्क’ असा शब्दच नाही. लिहिलंय ‘साहित्य व उपक्रम शुल्क, परत मिळणार नाही’. आम्ही पैसे परत मागितले तेव्हा हाच कागद आमच्या पुढे धरला: शिक्षणाची फी आम्ही घेतलीच नाही, साहित्य तर मुलांना दिलं. कोणतं साहित्य? कुलपातला मनोरा?

दाखल्याच्या घोळाचा त्रास तर मुलांना झाला. एका मुलाला नवी शाळा पहिलीतच परत बसवायला निघाली, कारण पहिली पूर्ण केल्याचा पुरावाच नव्हता. ते पोर रडत म्हणत होतं, “मला सगळं येतं.” मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा. आमच्या मुलीला नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी जवळ बसवून वाचून घेतलं, थोडी गणितं करून घेतली आणि योग्य वर्गात घेतलं. आम्ही न मागता मान्यतेच्या कागदांची फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “कुठल्याही दिवशी सकाळी या, मागे बसा, वर्ग बघा. फोन करायची गरज नाही.” जुन्या शाळेत ठरवून दिलेल्या शनिवारखेरीज पालकांना वर्गापर्यंत जाऊच देत नसत. सुरक्षिततेचं कारण सांगत. सुरक्षितता हवीच, पण वर्ग चालू असताना पालकांना एकदाही आत येऊ न देणारी शाळा मी माझ्यापुरती यादीतून काढून टाकेन.

पैशांचं म्हणाल तर काही परत मिळाले, सगळे नाहीत. एकेकटे जात होतो तोवर बाई भेटतही नसत. पालकांनी आपापल्या पावत्या, दाखले आणि शाळेचे निरोप एकत्र केले, सगळ्यांच्या सह्यांचा लेखी अर्ज शाळेला आणि त्याची प्रत शिक्षण खात्याला दिली, दोन्हीकडून पोच घेतली, तेव्हा हालचाल झाली. तोंडी आश्वासनांचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्यांनी रोख रक्कम दिली होती त्यांच्या हाती काहीच लागलं नाही, म्हणून रोखीने एक पैसाही देऊ नका, आणि फी शक्यतो सत्राची सत्राला भरा.

तक्रार अजून चालू आहे. दरम्यान त्याच मंडळींनी नव्या नावाने, नव्या जागेत प्रवेश सुरू केले आहेत. भिंती नव्या, पाटी नवी, मॉन्टेसोरी शब्द तसाच. आमच्यातल्या एका पालकांनी चौकशीच्या निमित्ताने तिथे नोंदणी शुल्क भरून पावती आणली. खातेदाराचं नाव जुन्या पावत्यांवरचंच निघालं. ती पावतीही आम्ही तक्रारीला जोडली आहे. तुमच्या हातात पावती येईल तेव्हा शाळेच्या नावाखाली कोणत्या संस्थेचं नाव छापलंय ते बघा, आणि त्या संस्थेने याआधी कोणती शाळा चालवली, ती आता कुठे आहे, तिथले पालक काय सांगतात, ते पैसे भरण्याआधी शोधून काढा.