लव्हेंडर, निलगिरी की लवंग? सलूनच्या वासाचा साबण आणि आफ्टरशेव्ह निवडताना

‘बार्बरशॉप’ वासाचं दाढीचं सामान ऑनलाइन शोधायला गेलं की पर्यायांची रांग लागते आणि गोंधळ होतो, कारण या एका नावाखाली तीन अगदी वेगळे वास विकले जातात. अमेरिकन सलूनचा पावडर आणि लव्हेंडरचा, इटालियन सलूनचा निलगिरी आणि मेंथॉलचा, आणि वेस्ट इंडीजमधून आलेला लवंगेच्या अंगाचा. आपल्याकडच्या सलूनचा, म्हणजे तुरटी, टाल्कम पावडर आणि लिंबाच्या वासाच्या क्रीमचा दरवळ यातल्या कशातच पूर्ण बसत नाही. त्यामुळे आधी वास ठरवा, मग कंपनी.

आणखी एक गोष्ट खरेदीआधीच ठरवलेली बरी. वासासाठी पैसे घालायचे तर ते आफ्टरशेव्हमध्ये घाला. साबणाचा वास फेस होताना भरभरून येतो, पण तोंड धुतलं की संपला. साबण निवडायचा तो फेसासाठी, आणि पात्याखाली त्वचा किती मऊ राहते यासाठी. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वासाचे असले पाहिजेत हा आग्रह मला कधीच पटलेला नाही.

लव्हेंडरच्या गटापासून सुरुवात करू, कारण ‘जुन्या सलूनचा वास’ म्हणताना बहुतेकांच्या मनात हाच असतो. त्याचं मूळ पॅरिसमध्ये आहे. 1882 साली उबिगाँ या अत्तरघराने ‘फुजेर रॉयाल’ आणलं. पॉल पार्के यांनी बनवलेल्या त्या अत्तरात लव्हेंडर, ओकमॉस नावाचं झाडांवर वाढणारं दगडफूल आणि कुमारिन यांची सांगड होती. कुमारिन हा वाळत घातलेल्या गवतासारखा गोडसर वास. विल्यम पर्किन यांनी 1868 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं होतं. पुढे दाढीच्या साबणांनी, लोशनांनी आणि पावडरींनी हाच साचा उचलला.

या गटात मुख्य स्पर्धा पिनॉड क्लबमन आणि टबाक ओरिजिनल यांची. क्लबमन हे अमेरिकन सलूनचं आफ्टरशेव्ह. पिनॉड घराणं मूळचं पॅरिसचं. वास फुलांचा, थोडा संत्र्याचा आणि तळाशी भरपूर टाल्कम पावडरचा. लावल्या लावल्या जोरात येतो आणि तासाभरात बराचसा ओसरतो. मला हा त्याचा गुण वाटतो. ऑफिसला निघेपर्यंत वास सौम्य होतो, आणि पुढे कुठलंही अत्तर लावता येतं. टबाक जर्मन आहे, मॉयरर अँड वर्ट्झ कंपनीचं, 1959 पासूनचं. नावावरून तंबाखूचा वास अपेक्षू नका. तो स्वच्छ धुतलेल्या साबणाचा, पावडरचा आणि किंचित मसाल्याचा वास आहे, आणि क्लबमनपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. टबाक दिवसभर सोबत राहतं, म्हणूनच ते सगळ्यांना झेपत नाही. घरात कुणाला तीव्र वासाने डोकं दुखत असेल तर क्लबमन घ्या. महागड्या बाटलीवर खर्च करायचाच नसेल तर 1964 साली आलेलं ब्रूट याच कुळातलं आहे: लव्हेंडर, बडीशेपेची झाक, ओकमॉसचा तळ. थोडं गोड आहे, पण वासाची दिशा तीच.

जुन्या बाटलीचा वास डोक्यात ठेवून नवी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ओकमॉसमध्ये अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल ही अ‍ॅलर्जी करणारी द्रव्यं असतात. युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदी घातली. ऑगस्ट 2019 पासून ती असलेली नवी उत्पादनं बाजारात आणता येईनात, आणि ऑगस्ट 2021 पासून जुनीही दुकानांतून गेली. त्यामुळे ओकमॉसवर उभ्या असलेल्या वासांचा तळ पूर्वीपेक्षा हलका झाला. वडिलांच्या कपाटातल्या बाटलीसारखा हुबेहूब वास आजच्या बाटलीत नाही मिळाला तर माल बनावट आहे असं लगेच समजू नका.

दुसरा गट निलगिरीचा, आणि तिथे प्रोरासोला पर्याय शोधण्यात फार अर्थ नाही. फ्लॉरेन्सच्या मार्तेल्ली कंपनीचा हा ब्रँड. कंपनी 1908 ची, आणि दाढीआधी लावायचं त्यांचं प्रसिद्ध क्रीम 1948 चं. त्यांच्या साबणाचा हिरवा डबा म्हणजे निलगिरी आणि मेंथॉल. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकांनाच जागं करतं, म्हणून तापमान न बदलताही चेहरा गार वाटतो. नागपूर, अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये याला तोड नाही. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी मात्र हाच साबण नकोसा होऊ शकतो, तेव्हा वर्षभर एकच डबा वापरायचा असेल तर विचार करा. पांढरा डबा ग्रीन टी आणि ओटचा, नाजूक त्वचेसाठी, वासाने अगदी शांत. लाल डब्यावर चंदन लिहिलेलं असतं, पण सहाणेवर उगाळलेल्या आपल्या चंदनाची अपेक्षा ठेवून घेतलात तर निराशा होईल. तो उबदार, गोडसर लाकडाचा वास आहे. वाईट मुळीच नाही, फक्त देवघरातला नाही.

तिसरा गट मसाल्याचा. बे रम हा दाढीनंतर लावायचा सुगंधी द्राव म्हणजे कॅरिबियन बेटांवरचा, विशेषतः सेंट थॉमसचा वारसा. तिथल्या पिमेंटा रेसमोसा या झाडाची पानं रमबरोबर ऊर्ध्वपातित करून तो बनत असे. त्या पानांच्या तेलात युजेनॉल भरपूर असतं, जे लवंगेतही असतं, म्हणून वास आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो. ज्यांची त्वचा पटकन लाल होते त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ओल्ड स्पाइस मसाल्याचंच, पण जास्त गोलाई असलेलं: लवंग, दालचिनी, कार्नेशन आणि व्हॅनिला. शुल्टन कंपनीने पुरुषांसाठी ते 1938 मध्ये आणलं, 1990 पासून प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे आहे. गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळतं आणि खिशाला जड नाही. हा वास कसा असतो हे पाहायचं असेल तर आयात केलेल्या बे रमच्या आधी ओल्ड स्पाइसची लहान बाटली घ्या. ती आवडली नाही तर बे रम आवडण्याची शक्यता कमीच.

आता साबण. इथे वासापेक्षा पाणी महत्त्वाचं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम साबणाला पकडून त्याचा चिकट साका करतो, आणि फेस दोन मिनिटांत बसतो. महागडा साबण घेऊन ‘फेसच होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेकदा दोष पाण्याचा असतो. ओला ब्रश साबणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवा, पाणी थेंबाथेंबाने वाढवा, आणि तरीही जमत नसेल तर फेसापुरतं पिण्याचं फिल्टर केलेलं पाणी वाटीत घ्या. जड पाण्यात मी कडक साबणाऐवजी ट्यूबमधलं क्रीम किंवा प्रोरासोसारखा मऊ साबण सुचवेन. नवशिक्याला फेस लवकर साधतो.

घटकांची यादी आवर्जून वाचा. पारंपरिक साबणांत प्राणिज चरबी असते आणि लेबलवर ती ‘टॅलोएट’ या नावाने दिसते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा मिचेल्स वूल फॅट हा साबण चरबी आणि लोकरीतल्या लॅनोलिनवर बनतो. त्याचा फेस दाट आणि त्वचेला सुखावणारा, पण शाकाहारी घरात तो चालणार नाही. आर्को या तुर्की साबणाच्या काडीतही चरबी आहे. ती स्वस्त आहे, फेस उत्तम, वास मात्र सलूनपेक्षा लिंबाळ धुण्याच्या साबणाकडे झुकणारा. टबाकच्या जुन्या मालात चरबी होती, नव्या कृतीत ती काढली आहे, म्हणून जुना साठा विकणाऱ्याकडून घेताना डब्यामागचं वाचूनच घ्या. ‘स्टिअरिक अ‍ॅसिड’ वनस्पतीपासूनही येतं आणि चरबीपासूनही. नुसत्या नावावरून ते कळत नाही, आणि कंपनीने ‘वनस्पतीजन्य’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर शुद्ध शाकाहारी माणसाने ते टाळावं.

आफ्टरशेव्ह लोशन घ्यायचं की बाम, म्हणजे क्रीमसारखं घट्ट आफ्टरशेव्ह? वर सांगितलेल्या वासांची मजा लोशनमध्येच आहे. अल्कोहोल उडताना वास वर आणतं. पण त्वचा कोरडी असेल, किंवा मानेवर दाढीच्या पुळ्या येत असतील तर बाम बरा, वास थोडा दबला तरी चालेल. तुरटी वापरत असाल तर ती ओल्या चेहऱ्यावर फिरवून अर्धा मिनिट ठेवा, धुवा, टिपा आणि मग लोशन लावा. तुरटी न धुता वर अल्कोहोल लावलं की गाल ताणल्यासारखे होतात, आणि खापर बिचाऱ्या आफ्टरशेव्हवर फुटतं.

मला कुणी आज विचारलं तर पहिल्या खरेदीसाठी मी हिरव्या प्रोरासोचा साबण आणि क्लबमनचं लोशन सांगेन. साबणाची निलगिरी धुऊन जाते, त्यामुळे वर लव्हेंडर आणि पावडर मोकळेपणी उमलतात. थंडी सोसत नसेल तर पांढरा प्रोरासो घ्या. वास दिवसभर हवा असेल तर क्लबमनच्या जागी टबाक. मसाल्याचा वास आवडणाऱ्याने ओल्ड स्पाइसचं लोशन घ्यावं आणि त्याखाली कमी वासाचा कुठलाही साबण वापरावा, कारण निलगिरी आणि लवंग एकत्र आल्या की बाथरूमभर डोकेदुखीच्या बामच्या डबीचा वास सुटतो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात साबणाचं झाकण लगेच लावू नका. वापरल्यावर वरचं पाणी ओता, डबा दोनेक तास उघडा ठेवा आणि ब्रश झटकून हवेशीर जागी टांगा. चांगला साबण सहज सहा महिने पुरतो, पण ओला कोंडून ठेवला तर त्याच्या आधीच बुरशी धरतो.